आफ्रिकेतली कामाची पोरं ओळखायची कशी, आणि ओळखल्यावर करायचं काय

मध्यंतरी पुण्याहून एका मित्राचा फोन आला, त्याच्या कंपनीचं नैरोबीत छोटंसं ऑफिस आहे आणि साहेबांच्या मनात आलंय की आफ्रिकन तरुणांना एक अवॉर्ड द्यावं, पर्यावरण, पाणी, शाश्वत विकास वगैरे क्षेत्रात काम करणाऱ्यांना, तर तू तिकडेच राहतेस ना गं, दोन-चार नावं टाक की. मी म्हटलं टाकते, पण आफ्रिकेत ५४ देश आहेत, त्यातला कुठला? तर म्हणाला, "कुठलाही चालेल, गोष्ट भारी पाहिजे." माझं डोकं सटकलंच होतं, पण मग आठवलं की नऊ वर्षांपूर्वी मी इथे उतरले तेव्हा मीही असंच बोलत होते, म्हणून त्याला एक लांबलचक मेसेज लिहायला घेतला. तो वाढत वाढत एवढा झालाय. तुमच्यापैकी कुणी इकडे नोकरीधंद्याला असाल, रोटरीत असाल, सीएसआरचं काम बघत असाल, किंवा कुठल्या निवड समितीवर तुम्हाला कुणी बसवलं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी जागा ठरवा. देश नाही, जागा. केनिया म्हटलं तरी मोंबासाच्या किनाऱ्यावरचं खारफुटीचं काम आणि तुर्कानाच्या दुष्काळी भागातलं पाण्याचं काम यांची तुलनाच होत नाही, कोकण आणि माणदेश एकाच तागडीत टाकल्यासारखं होईल ते. तुमचं ऑफिस जिथे आहे, तुमचा माणूस मटाटूने जाऊन अर्ध्या दिवसात परत येऊ शकतो, एवढाच पट्टा घ्या. (मटाटू म्हणजे आपली वडाप, फक्त गाणी जास्त मोठ्याने.) संपूर्ण खंडाचं अवॉर्ड द्यायला मोठ्या संस्था बसल्यात, त्यांच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे.

मग वय. आपण तरुण म्हटलं की कॉलेजातली मुलं डोळ्यासमोर आणतो. आफ्रिकन युनियनने २००६ साली तरुणांची जी सनद केली तिच्यात तरुण म्हणजे १५ ते ३५ असं सरळ लिहिलंय. मोठ्या बक्षिसांत प्रत्येकाची रेघ वेगळी आहे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचं यंग चॅम्पियन्स ऑफ द अर्थ १८ ते ३० वयासाठी, आफ्रिकेतल्या तरुण उद्योजकांचं अंझिशा प्राइझ १५ ते २२ साठी. मी ३५ चीच रेघ धरते. इथे विशीतल्या माणसाच्या अंगावर धाकट्या भावंडांची फी, गावाकडची आई असं सगळं असतं, त्यामुळे स्वतःचं काहीतरी उभं करायला कित्येकांना तिशी उजाडते. एकूण खंडाचं मधलं वय १९ च्या आसपास आहे, म्हणजे निम्मी माणसं त्याहून लहान, तेव्हा तरुण शोधायला लांब जायला नको, कामाचे शोधायला जावं लागतं.

आता माझीच एक फजिती सांगते. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही काही भारतीय कुटुंबांनी मिळून असंच एक छोटं बक्षीस काढलेलं, वर्गणी जमवून. गुगल फॉर्म केला, इंग्रजीत, व्हॉट्सॲपवर सोडला, चाळीसेक अर्ज आले आणि त्यातला एक पोरगा असा काही बोलला, असलं प्रेझेंटेशन, ड्रोनचे फोटो, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांचे सतरा रंगीत चौकोन, की आम्ही सगळे खल्लास. वस्तीतल्या ओल्या कचऱ्याचं खत करण्याचा प्रकल्प. दिलं बक्षीस. टाळ्या, समोसे, ग्रुप फोटो. तीन महिन्यांनी मी सहज तिथे गेले तर खत होतं, खड्डे होते, सगळं खरं होतं, फक्त ते करणाऱ्या अकरा बायका होत्या आणि एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी त्यांचा हिशोब ठेवत होती, आणि आपल्या वस्तीला कुठलं बक्षीस मिळालंय हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. तो पोरगा अधूनमधून फोटो काढायला यायचा म्हणे. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं तसं, "आम्ही करतो" असं म्हणाला होता, आणि "आम्ही" म्हणजे कोण हे आम्ही विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्या बायकांनी मला चहा पाजला आणि मला तो गिळता येईना.

म्हणून पहिली गोष्ट, फॉर्मवर विसंबू नका. फॉर्म भरणं हे एक वेगळंच कौशल्य आहे आणि ते ज्याला येतं त्याला आधीच चार बक्षिसं मिळालेली असतात. मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बाचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल. २००१-०२ चा दुष्काळ, घरात खायला नाही, फी भरता येईना म्हणून शाळा सुटलेली, तेव्हा या चौदा वर्षांच्या पोराने गावातल्या शाळेच्या लायब्ररीत विजेवरची पुस्तकं चाळून, सायकलचे पार्ट, ट्रॅक्टरचा पंखा, पीव्हीसी पाइप असलं भंगार जमवून पवनचक्की उभी केली आणि घरात दिवा लावला. गाववाले म्हणायचे याला वेड लागलंय. ही गोष्ट सगळे प्रेरणादायी म्हणून सांगतात, पण तिच्यातली मला खरी टोचणारी बाब वेगळीच आहे. ती पवनचक्की काही लपवून ठेवलेली नव्हती, लाकडी मनोऱ्यावर गरागरा फिरत होती, लांबून दिसत होती, आणि तरी तिच्याबद्दल पेपरात छापून यायला २००६ उजाडलं. तेही कसं, तर लायब्ररीच्या कामासाठी आलेल्या एका शिक्षण क्षेत्रातल्या अधिकाऱ्याच्या कानावर गेलं म्हणून. त्याने कुठे अर्ज केलेला नव्हता. करणार कसा, असं काही असतं हेच माहीत नव्हतं. पुढे २००७ मध्ये टांझानियातल्या अरुशाला टेडच्या व्यासपीठावर तो बोलला, मग शाळा, मग अमेरिकेत कॉलेज, हे सगळं नंतरचं.

तेव्हा लायब्ररीवाल्याला विचारा. शाळामास्तरांना, सरकारी दवाखान्यातल्या नर्सला, चर्चमधल्या आणि मशिदीतल्या माणसांना, बोडा बोडाच्या स्टँडवर (बोडा बोडा म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी, या पोरांना गल्लीतलं सगळं ठाऊक असतं). केनियात चीफ नावाचा सरकारी माणूस असतो, तो बराझा भरवतो, म्हणजे साधारण आपली ग्रामसभा, तिथे मागच्या बाकावर जाऊन बसा. आणि चामा सोडू नका. चामा म्हणजे बचत गट, अगदी आपल्यासारखाच, दर महिन्याला पैसे टाकायचे आणि आळीपाळीने उचलायचे, इथल्या बायकांचा सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. चामाच्या बैठकीत "तुमच्या भागात असं कोण आहे ज्याच्यामुळे काहीतरी सुधारलं?" एवढंच विचारायचं. नावं येतात, भांडणंही होतात, दोन्ही ऐकून घ्यायचं. एकच नाव जर नर्सकडून, मास्तरांकडून आणि एखाद्या भाजीवालीकडून असं तीन ठिकाणांहून आलं ना, तर समजायचं इथे काहीतरी आहे.

आणि भाषा. स्वाहिलीत बोलू द्या, किकुयूत, लुओत, ज्याला जे येतं त्यात. आम्ही दुसऱ्या वर्षापासून फॉर्म बंदच केला, व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा म्हटलं, आणि काय सांगू, जी मुलं इंग्रजीत दोन ओळी लिहिताना घाबरायची ती आईच्या भाषेत धो धो बोलतात. भाषांतराला माणूस लागतो, लागू दे, ड्रोनपेक्षा स्वस्त पडतो. पश्चिम आफ्रिकेत असाल तर फ्रेंचचा पण हाच प्रश्न आहे, सेनेगलच्या खेड्यातल्या मुलीला फ्रेंच फॉर्म देणं म्हणजे मेळघाटातल्या मुलीला इंग्रजी फॉर्म देण्यासारखंच आहे.

आता तपासणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी गोम इथेच आहे.

झाडं लावली म्हणून सांगणारे तुम्हाला पैशाला पासरी भेटतील. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा दोनदा येतो, सगळे लागवडीचे फोटो तेव्हाचेच असतात, आणि आपल्याकडे ५ जूनला लावलेल्या झाडांचं काय होतं हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून बघायला फेब्रुवारीत जायचं, उन्हाळा अंगावर घेऊन झालेला असतो तेव्हा. किती लावली विचारायचंच नाही, किती जगली ते मोजायचं. ही काही माझी अक्कल नाही, केनियाच्या वंगारी माथाईंनी १९७७ ला ग्रीन बेल्ट मूव्हमेंट ही झाडं लावायची चळवळ सुरू केली तेव्हापासूनची रीत आहे, बायकांना रोपामागे थोडे पैसे मिळायचे पण रोप जगलं तर. २००४ ला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला त्यांना, आफ्रिकेतल्या पहिल्या महिला. त्यांच्याच न्येरी भागातून आलेली एलिझाबेथ वाथुती, १९९५ चा जन्म, तिने २०१६ ला ग्रीन जनरेशन इनिशिएटिव्ह काढलं आणि शाळांच्या आवारात झाडं लावायला घेतली, त्यात फळझाडंही. याच्यात हुशारी बघा, शाळेत लावलेल्या आंब्याला राखणदार फुकट मिळतात, कारण आंबा कुणाला नकोय.

चुलींचं पण तसंच. सुधारित चूल वाटली, अमुक हजार घरात पोचली, छान. तुम्ही स्वयंपाकाच्या वेळी जा, न सांगता नाही पण फार आधी सांगून पण नाही, आणि बघा की ती नवी चूल काळी झालीय का, तिच्यात राख आहे का, आणि शेजारी तीन दगडांची जुनी चूल अजून पेटतेय का. तीन दगडांची चूल इथेही तीन दगडांचीच आहे हो, आणि उज्ज्वलाचा सिलिंडर कोपऱ्यात पूजेला ठेवल्यासारखा ठेवून चुलीवर भाकरी थापणारी घरं आपण पाहिलेली आहेत. जुनी चूल पेटती दिसली म्हणून लगेच नापास करू नका, बाईला विचारा का, बहुतेक वेळा उत्तर असं मिळतं की उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) हलवायला मोठं भांडं लागतं आणि ते नव्या चुलीवर बसत नाही. मग तुमच्या उमेदवाराला विचारा, हे तुला माहीत आहे का? ज्याला माहीत आहे आणि जो त्याच्यावर काहीतरी करतोय तो खरा. शार्लट मगायी ही नैरोबीच्या मुकुरू झोपडपट्टीत वाढलेली, स्वतः कोळसा विकायची, तिची लहान मुलगी शेगडीने भाजली, त्यातून तिने मुकुरू क्लीन स्टोव्ह्ज सुरू केलं आणि २०२२ ला तिला पर्यावरणातल्या कामासाठीचं अर्थशॉट प्राइझ मिळालं, १० लाख पौंडांचं. तिला चुलीजवळ बसणाऱ्या बाईची अडचण कुठल्या अहवालातून कळलेली नव्हती. (त्याच अर्थशॉटमध्ये पुढच्या वर्षी आपल्या महाराष्ट्रातली एसफोरएस टेक्नॉलॉजीज पण होती, शेतमाल उन्हावर सुकवण्याचं तंत्र, बायकांच्या हातात दिलेलं. तेव्हा "आपण देणारे आणि ते घेणारे" हा जो एक सूर आपल्या बोलण्यात येतो तो जरा खाली घ्यावा, एकाच रांगेत उभे आहोत.)

पाण्याच्या बाबतीत तर प्लेपंपची गोष्ट प्रत्येक निवड समितीला आधी ऐकवावी असं माझं मत आहे. दक्षिण आफ्रिकेत निघालेली कल्पना, लहान मुलांचं गोल फिरणारं चक्र, मुलं खेळणार आणि त्या फिरण्यावर बोअरचं पाणी वर टाकीत चढणार. ऐकायला इतकं गोड की २००० साली जागतिक बँकेने बक्षीस दिलं, २००६ ला अमेरिकेत कोट्यवधी डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले. प्रत्यक्षात काय झालं, एका पंपाला १४,००० डॉलरच्या घरात खर्च, साध्या हातपंपाच्या कितीतरी पट, मुलं थोडा वेळ खेळायची आणि कंटाळायची, मुलंच ती, मग गावातल्या बायका ते चक्र हाताने ढकलत बसायच्या, म्हाताऱ्या पण, आणि बिघडलं की दुरुस्तीला माणूस नाही. एका ब्रिटिश वर्तमानपत्राने हिशोब मांडला की जेवढ्या लोकांना पाणी द्यायचं म्हणतायत तेवढं काढायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. बक्षीस देणाऱ्यांतलं कुणी त्या चक्राजवळ दुपारी दोन वाजता उभं राहिलं असतं तरी कळलं असतं. तरुणांचा प्रकल्प नव्हता हा, पण चूक निवडणाऱ्यांची होती आणि ती आपण कुणीही करू शकतो.

दुसरं एक, २०१२ ला लागोसला शाळेतल्या चार मुलींनी एका मेळ्यात लघवीवर चालणारा जनरेटर दाखवला, जगभर बातमी, एक लिटरमध्ये सहा तास वीज. मुलींचं कौतुकच आहे, त्या वयात आम्ही व्होल्टमीटर बघून घाबरायचो. पण लघवीतून हायड्रोजन वेगळा काढायला जेवढी वीज घालावी लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये बसतं, आणि बातमी देणाऱ्यांनी ते विचारलं नाही. नुकसान कुणाचं झालं तर मुलींचं, कारण नंतर टिंगल त्यांच्या वाट्याला आली. शाळेतला प्रयोग असेल तर प्रयोग म्हणूनच शाबासकी द्या, त्याला जगाचा वीजप्रश्न सोडवायला लावू नका.

तेव्हा वस्तू असेल तर साधे प्रश्न विचारा. न्झाम्बी माती (Nzambi Matee) हिने नैरोबीत गेंगे मेकर्स काढलं, टाकाऊ प्लास्टिक आणि वाळू मिसळून फरसबंदीचे ब्लॉक करते, २०२० ची यंग चॅम्पियन. तिच्यासारखं काम घेऊन कुणी तुमच्याकडे आलं तर विचारायचं की प्लास्टिक कुठून येतं आणि गोळा करणाऱ्याला किलोमागे काय मिळतं, ब्लॉक कोण विकत घेतं, नात्यातलं नसलेलं गिऱ्हाईक किती, वितळवताना धूर कुठे जातो, तिथे काम करणाऱ्याच्या तोंडाला मास्क आहे का. आणि मशीन बंद पडल्यावर दुरुस्त कोण करतं, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, त्याच्या उत्तरावरून अर्धं काम कळतं.

बरं, हे सगळं दिसणारं काम झालं. न दिसणारं काम बक्षिसातून कायम सुटतं. घानामध्ये एकुम्फी किनाऱ्यावर ७०० मेगावॉटचा कोळशाचा वीज प्रकल्प येणार होता, चिबेझे इझेकिएलने तरुणांना जमवून गावोगाव फिरून, सरकारशी बोलून तो रोखायला लावला, २०१६ ला रद्द झाला, २०२० ला त्याला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. आता याचा फोटो कसला काढणार? मोकळ्या किनाऱ्याचा? जे झालंच नाही ते दाखवता येत नाही. मलावीत ग्लोरिया माजिगा-कामोटो, शेतकऱ्यांच्या शेळ्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन मरायच्या (आपल्याकडच्या गायींचं जे होतं तेच), सरकारने २०१५ ला बंदी घातली तर कारखानदार कोर्टात गेले आणि बंदी लटकली. ही बाई वर्षानुवर्षं मोर्चे, कोर्ट, माध्यमं करत राहिली, २०१९ ला बंदी टिकली, २०२१ ला तिलाही गोल्डमन. असं काम शोधायचं तर विचारायचं, "इथे कोणी काय थांबवलं?" वाळूउपसा, कारखान्याचं पाणी, दलदलीवरचं अतिक्रमण. फक्त इथे एक गोष्ट जपा, अशा माणसाला शत्रू असतात, तेव्हा नाव जाहीर करायच्या आधी त्याला एकट्याला गाठून विचारा की तुझं नाव-फोटो पेपरात आलं तर तुला त्रास होईल का. नको म्हणाला तर गुपचूप पैसे द्या आणि घरी या. अठराच्या आतलं मूल असेल तर आईबापांची परवानगी, हे वेगळं सांगायला नको पण सांगते, कारण लोक विसरतात.

एकटा की गट हा वाद प्रत्येक वर्षी होतो. बक्षिसाला एक चेहरा लागतो आणि कामाला बरेच हात लागतात. केनेडी ओडेडेचं उदाहरण मला आवडतं, किबेरा झोपडपट्टीतला पोरगा, २००४ ला २० सेंटचा फुटबॉल घेऊन पोरं जमवायला लागला, त्यातून शोफको नावाची संस्था उभी राहिली, शाळा, दवाखाना, पाणी, आणि २०१८ ला हिल्टन पुरस्कार मिळाला, २० लाख डॉलर, तोही त्याच्या एकट्याच्या नावावर नाही, संस्थेच्या नावावर. मी तर आता सरळ विचारते, तू महिनाभर आजारी पडलास तर काम कोण बघेल, त्याला फोन लाव. लावला तर ठीक. नाही लावला, "तसं सगळं मीच बघतो" म्हणाला, तर मी त्याच्या शेजारच्या माणसाकडे बघायला लागते. आणि माणसाला त्याच्या तोंडावर विचारायच्या आधी शेजारणीला विचारा. इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, मामा अमुक, म्हणजे अमुकची आई, आपल्या सोनूच्या आईसारखं. मला पहिलं वर्षभर कुणी "मामा" म्हटलं की डोळ्यासमोर धोतर नेसलेला माझा सांगलीचा मामा यायचा. तर या मामा लोकांना सगळं माहीत असतं, कोण पहाटे पाच वाजता नळावर होतं आणि कोण फक्त पाहुणे आल्यावर येतं.

नावाचा मुद्दा आलाच आहे तर, जानेवारी २०२० मध्ये दावोसला हवामानबदलाविरुद्ध लढणाऱ्या पाच तरुण मुलींचा फोटो निघाला, त्यातली युगांडाची व्हेनेसा नकाते ही एकटीच काळी, आणि एका मोठ्या वृत्तसंस्थेने फोटो छापताना नेमकी तिलाच कापली. नंतर माफी मागितली. कंपालाच्या रस्त्यावर २०१९ पासून फलक घेऊन उभी राहणारी मुलगी, युगांडातल्या शाळांवर सोलर पॅनल आणि बिनधुराच्या चुली बसवण्याचा तिचा प्रकल्प आहे, आणि जग तिला आधी "कापलेली मुलगी" म्हणून ओळखायला लागलं. आपण काय करू शकतो तर फोटोखाली पूर्ण नाव, गाव, देश लिहायचं, "आफ्रिकन मुलीसोबत आमचे अध्यक्ष" असं नाही. नावाचा उच्चार तिलाच विचारून देवनागरीत लिहून ठेवायचा, निवेदकाला तीनदा म्हणायला लावायचा. आणि तिच्या गरिबीचं वर्णन भाषणात पाच मिनिटं आणि कामाचं दीड मिनिट हे उलटं करायचं. आधी तिला दाखवा काय बोलणार आहात ते, ती खोडेल ते खोडा.

आता द्यायचं काय. ट्रॉफी करू नका, आम्ही पहिल्या वर्षी केलेली, काचेची, इतकी जड की तो पोरगा मटाटूत मांडीवर घेऊन बसला होता दोन तास. शाल-श्रीफळ तर नकोच, नारळ मोंबासाला ढिगाने मिळतात. पैसे द्या, आणि ते कुठे खर्च करायचे याचं फर्मान सोडू नका. लहान रक्कम एम-पेसावर मिनिटात जाते, २००७ पासून हा देश फोनवरून पैसे पाठवतोय, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, तेव्हा त्यांना डिजिटल पेमेंट समजावून सांगू नका प्लीज. मोठी रक्कम असेल आणि गट असेल तर गटाच्या नावाने नोंदणी आणि बँक खातं आहे का बघा, अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा सह्या लागणारं, म्हणजे पैसा एकाच्याच खिशात जात नाही. नोंदणी नसेल तर तीच करून द्यायला मदत करा, कारण पुढच्या सगळ्या देणगीदारांचं दार त्या एका कागदाने उघडतं. आणि एकदम सगळं देण्यापेक्षा निम्मं आत्ता, निम्मं सहा महिन्यांनी, पण दुसऱ्या हप्त्यासाठी चाळीस पानी रिपोर्ट मागायचा नाही, एक फोन आणि एक चक्कर पुरे.

कार्यक्रम हॉटेलात घेऊ नका, त्यांच्या गावात घ्या. गावासमोर मिळालेली शाबासकी वेगळी असते, काल वेडा म्हणणारा चुलता पहिल्या रांगेत बसलेला असतो. खर्चही कमी, मंडप, खुर्च्या, चपाती आणि बीन्स, आणि चपातीला इथे चपातीच म्हणतात.

तरी साहेबांना पुण्यात बोलवायचंच असेल तर दोन महिने आधी लागा. पासपोर्ट बहुतेकांकडे नसतो, व्हिसा, आणि यलो फिव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड, ते नसेल तर केनियातून येणाऱ्याला भारताच्या विमानतळावरच अडवून वेगळं ठेवू शकतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. कधीच चुकवू नये असा मुद्दा म्हणजे खर्च आधी द्या, "बिलं आणा, नंतर देतो" हे पगारदार माणसांचं गणित आहे. युरोपला बोलवत असाल तर व्हिसा नाकारला जाईल हे धरूनच दुसरी सोय करून ठेवा, व्हिडिओ कॉल वगैरे, कारण नाकारला गेला की ती मुलगी आपलंच काहीतरी चुकलं असं समजते.

त्या खताच्या वस्तीत मी पुन्हा गेले, सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी आम्ही त्या हिशोब ठेवणाऱ्या मुलीला आणि त्या अकरा बायकांना मिळून रक्कम दिली, उशिरा का होईना. मी मोठ्या तोंडाने विचारलं, अजून काय हवं, ट्रेनिंग, वेबसाइट, लोगो? ती हसली, हिशोबाची वही उघडली (स्वाहिलीतही हिशोबाला हेसाबूच म्हणतात), आणि म्हणाली आमचं खत घेणारा व्यापारी स्वतःच्या काट्यावर तोलतो, दर पोत्यामागे दोन-तीन किलो खातो, आम्हाला एक आमचा वजनकाटा द्या. दिला. सेकंडहँड होता, दुसऱ्याच दिवशी त्या व्यापाऱ्याचा फोन आला तिला, तुमच्याकडे काटा आलाय म्हणे.